लुकडा बसवलाय

मला एक सांगा, ज्या माणसानं छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकाही दुकानदाराचा अर्धा कप चहा घेतला नाही, त्या माणसानं एका लुकड्या फुटबॉल खेळाडूपायी आपला शब्द मातीमोल करावा, याला तुम्ही काय म्हणाल? नाही, म्हणा काहीतरी. गेले दोन महिने मी भेटेल त्याला हेच विचारतोय आणि जो तो म्हणतो, "अहो, खेळ आहे, चालायचंच." चालायचंच म्हणे. मी तीस वर्षं शाळेत मुलांना शिकवलं, दुसऱ्याच्या पाटीवरचं पुसून स्वतःचं उत्तर बरोबर होत नसतं, आणि माझ्याच घरच्या माणसानं उतारवयात नेमकं तेच करावं... चालायचंच?

माणूस कोण, तर आमचे साडू. माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वजनमापे खात्यात निरीक्षक. म्हणजे काय, तर दुकानात जायचं, काट्याची दोन्ही पारडी रिकामी करायची, आपल्या पेटीतली पितळी वजनं चिमट्यानं उचलून एका पारड्यात ठेवायची, दुकानदाराची दुसऱ्यात, आणि बघत राहायचं. बोटानं वजन उचलायचं नाही, कारण बोटाला घाम असतो आणि घामालाही वजन असतं. वजन खरं निघालं तर त्याच्या बुडाशी असलेल्या शिशाच्या गोळीवर हातोडीनं शिक्का ठोकायचा. शिक्का ठोकला की ते किलो म्हणजे किलो, मग देव जरी खाली उतरला तरी त्याला ते किलोच मानावं लागेल. बाजारात त्यांचं नाव कुणी घेत नसे. सगळे म्हणत, "साहेब म्हणाले? मग शिक्का."

असा माणूस. आणि याला नाद कसला लागावा, तर मोबाइलवर फुटबॉलचे संघ लावायचा.

मला त्यातलं काही कळत नाही, तुम्हालाही कळत नसेल तर बरंच आहे, पण पुढचं समजायला थोडं सांगावंच लागेल. खरा सामना तिकडे दूर कुठेतरी व्हायचा असतो. सामन्याआधी आपण इकडे दोन्ही संघांतून मिळून आपले अकरा जण निवडायचे, त्यातल्या एकाला कॅप्टन करायचं. तो तिकडे गोल मारतो, गुण इकडे आपल्याला. गोलाचे जास्त, ज्याच्या पासवर गोल झाला त्याला त्याहून कमी, आणि कॅप्टनचे सगळे दुप्पट. आपण फक्त सोफ्यावर बसायचं आणि ढेकर द्यायची. अशा एकेका स्पर्धेत दोन-दोन, तीन-तीन लाख माणसं उतरतात. तीन लाख सोफे, तुम्हाला सांगतो.

साडूंनी यात शास्त्र काढलं. शास्त्र त्यांच्या तोंडून ऐकण्यासारखं होतं. जेवताना भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ते सुरू होत, "हे बघा, लहान स्पर्धेत चांगला संघ जिंकतो. मोठ्या स्पर्धेत चांगला संघ हरतो. का? कारण चांगला संघ सगळ्यांकडेच असतो. तो सोनेरी केसांचा फॉरवर्ड आहे ना, त्याला शंभरातल्या ऐंशी लोकांनी घेतलेलं असतं. त्यानं चार गोल केले तरी मला काय? माझ्यासोबत अडीच लाख लोक वर चढले. ज्याला सगळ्यांनी घेतलं, तो कुणाचाच नाही. तीन लाखांत पहिलं यायचं तर एकट्यानं बरोबर असावं लागतं." मग तुकडा तोंडात. मग पुन्हा बाहेर, म्हणजे शब्द बाहेर, "आणि जोड्या लावाव्या लागतात. जो पास देतो आणि जो तो गोलात घालतो, दोघांना घ्यायचं. एकाचं भलं झालं की दुसऱ्याचं आपोआप. नुसता नवरा घेऊन चालत नाही. आणि आपला गोलकीपर घेऊन समोरचा फॉरवर्डही घेणारे मूर्ख असतात, एकाच खटल्यात दोन्ही पक्षांचं वकीलपत्र घेणारे."

गणितात चूक नव्हती, तुम्हाला सांगतो. मी शिक्षक माणूस, मी तपासून पाहिलं. गणित बरोबर होतं.

या शास्त्रात त्यांना एक भागीदार होता. मिस्त्री. साडूंच्या कचेरीसमोर त्याचं काटे दुरुस्तीचं दुकान, बारा बाय दहाचं. भिंतीला पारडी टांगलेली, बाकावर कानशी, स्क्रू, तेलाची कुपी आणि मधोमध स्वतः मिस्त्री, एका डोळ्याला भिंग लावून. मिस्त्री दुरुस्त करणार, साहेब तपासणार, असा बावीस वर्षांचा व्यवहार. यात लबाडीला किती वाव होता, विचार करा. एकदाही झाली नाही. साहेब मिस्त्रीकडे बसत पण पाणी स्वतःच्या बाटलीतलं पीत.

दोघं रविवारी सकाळी संघ लावायला बसत. मिस्त्री फार बोलायचा नाही, पण त्याची नजर काट्यावर तयार झालेली, कुठे किती झुकतंय ते त्याला दिसायचं. आणि या मोसमाच्या शेवटच्या मोठ्या स्पर्धेआधी त्यानंच ती गोष्ट शोधून काढली. भिंग कपाळावर सरकवून म्हणाला, "साहेब, एक लुकडा आहे."

"कोण लुकडा?"

"दीड वर्ष गुडघा धरून घरी बसला होता. आता बरा झालाय. मी त्याचे राखीव संघाचे सामने बघितले. कोपऱ्यावरनं लाथ मारतो ना, बॉल थेट डोक्यावर. दुसऱ्या कुणाला मारूच देत नाहीत. आणि साहेब, त्याला घेतलंय किती जणांनी? शंभरात एकानं."

साडूंनी लुकड्याची हलती चित्रं चार वेळा पाहिली, चष्मा पुसून पाचव्यांदा पाहिली. मग नुसतं म्हणाले, "कॅप्टन." मिस्त्री म्हणाला, "तेच म्हणत होतो."

या स्पर्धेचे नियम दोनच ध्यानात ठेवा, बाकी विसरा. एक, माणशी एकच संघ. दुसरा, दोघांचे गुण सारखे झाले तर ज्यानं संघ आधी दाखल केला तो वर. बक्षीस पहिल्यालाच, पैशाचं नाही, तर मोठ्या अंतिम सामन्याची दोन तिकिटं, प्रत्यक्ष मैदानात बसून बघायची, जाणं-येणं-राहणं सगळं त्यांच्याकडे. मिस्त्री म्हणाला, "दोन तिकिटं, दोन माणसं. दोघंही हाच संघ लावू. कुणाचं का नाव वर येईना, दोघं जाऊ." साडूंनी हातावर हात दिला. बावीस वर्षांत पहिल्यांदा मिस्त्रीनं साहेबांचा हात हातात घेतला, आधी फडक्याला पुसून.

आता पाहा, इथे गोष्ट संपायला हवी होती. साध्या माणसाची संपली असती.

मिस्त्रीनं रविवारी सकाळी सातलाच संघ दाखल केला आणि तो कामाला गेला, सुट्टी असूनही, कारण गावाबाहेरचा ट्रक तोलायचा मोठा काटा अडला होता. त्या काट्याखाली माणूस उभा राहील एवढा खड्डा असतो, त्यात उतरून काम. साडूंनी मात्र गोलकीपर कोणता घ्यावा यावर दुपारचे बारा वाजवले. शेवटी मिस्त्रीचाच घेतला. आणि बारा वाजून पाच मिनिटांनी, संघ दाखल झाल्यावर, त्यांच्या डोक्यात ते आलं. दोघांचे अकरा सारखे. कॅप्टन सारखा. गुण सारखे होणार. मिस्त्री आधी. म्हणजे लुकडा चमकला तर पहिला मिस्त्री आणि दुसरे साहेब.

बरं, तिकीट मिळणारच होतं. विमान तेच, मैदान तेच, शेजारची खुर्ची. फक्त यादीत वर नाव मिस्त्रीचं आणि खाली यांचं. एवढंच. तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी? मीही तेच म्हटलं. पण माणसाचं मन खाली घसरतं ते लाखाच्या लालचेनं नाही, एका नंबरानं. तीन वर्षं हा माणूस जेवताना तुकडा हातात धरून सांगत आला होता की एकट्यानं बरोबर असावं लागतं. आणि आता बरोबर यायची वेळ आली तर एकटा कुठे होता? सोबत मिस्त्री होता.

ताई, म्हणजे माझ्या मेव्हणीबाई, त्या दुपारी पलंगावर धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या. त्यांनी मला सांगितलेलं सांगतो. म्हणाल्या, हे बारा ते साडेचार खोलीत येरझाऱ्या घालत होते. मी म्हटलं, "अहो, बसा की. चादर तुडवताय." तर म्हणाले, "बसलोय." उभ्याउभ्या.

साडेचारला दोन्ही संघांची खरी यादी जाहीर झाली, कोण मैदानात उतरणार आणि कोण बाकावर बसणार. लुकडा उतरत होता. पहिल्या अकरात, ठळक अक्षरात. सामना साडेपाचला, तोवर इकडे आपापला संघ बदलता येत होता. आणि पावणेपाचला फोन वाजला. मिस्त्री. खड्ड्यातून बोलत होता, आवाज घागरीतून आल्यासारखा, "साहेब... इथं रेंज एकाच कोपऱ्यात येते... यादी लागली का? उतरतोय का आपला?"

तुम्हाला सांगतो, प्रत्येकाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो की त्याच्यासमोर पारडी रिकामी असतात आणि कुणी बघत नसतं. म्हणजे आपल्याला वाटतं, कुणी बघत नसतं.

साडू म्हणाले, "लुकडा बसवलाय."

दोन शब्द. चिमट्यानं उचलून ठेवल्यासारखे.

तिकडे खड्ड्यातून मिस्त्री म्हणाला, "अरेरे." त्याला वाईट कशाचं वाटलं, तर लुकड्याचं. "बिचारा. दीड वर्ष वाट पाहिली त्यानं." मग म्हणाला, "मग त्याच्या जागी कोण घेऊ?"

आता सांगायचं काहीतरी. साडूंनी यादीवर बोट फिरवलं आणि त्यातलं सगळ्यात गाळ नाव उचललं. त्याच संघात एक ढोल्या होता, बचावातला, निवृत्तीला टेकलेला, धावताना मैदानाला दम लागावा असा. त्याला तीन लाखांत कुणी घेतलंच नव्हतं म्हटलं तरी चालेल. "ढोल्याला घ्या," साडू म्हणाले.

"ढोल्याला? बरं. आणि कॅप्टन?"

"त्यालाच करा."

"ढोल्याला कॅप्टन..." मिस्त्री क्षणभर थांबला. नजर तयार होती ना त्याची, काहीतरी झुकलेलं दिसलं असणार. पण लगेच म्हणाला, "साहेब, तुम्ही म्हणता म्हणजे शिक्का." आणि मग, "थांबा, हात ग्रीसनं भरलेत," म्हणून त्या माणसानं मोबाइल भिंतीच्या खोबणीत टेकवून नाकाच्या शेंड्यानं लुकडा काढला, ढोल्या घातला, ढोल्याला कॅप्टन केलं. नाकानं. विश्वास म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी यापुढे हेच सांगणार आहे.

साडूंनी फोन ठेवला. ताईंनी चादरीची घडी तशीच हातात धरून विचारलं, "लुकडा कोण?"

"आहे एक खेळाडू. आज बसवलाय त्याला."

साडेपाचला टीव्ही लागला. दोन्ही संघ रांगेनं बाहेर आले आणि कॅमेरा नेमका एका काटकुळ्या पोरावर थांबला, तो खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. टीव्हीवरचा माणूस म्हणत होता, दीड वर्षानंतर पुनरागमन. ताईंनी टीव्हीकडे पाहिलं, मग यजमानांकडे पाहिलं, आणि शांतपणे विचारलं, "मग हा कोण? त्याचा भाऊ?"

साडूंनी टीव्हीचा आवाज वाढवला. गणितात चूक नव्हती, तुम्हाला सांगतो. आता लुकडा त्यांच्या एकट्याचा होता.

सामना सुरू झाला. अर्धा तास काहीच नाही, नुसती पळापळ. मग कोपऱ्यावर लुकडा उभा. त्यानं लाथ मारली, बॉल वर गेला, वळला, आणि गर्दीतून एक डोकं वर आलं, रुंद, घामेजलेलं, टक्कल पडलेलं. ढोल्या. गोल.

साडू उठले आणि बसले. पास लुकड्याचा, त्याचे गुण यांना, दुप्पट. गोल ढोल्याचा, त्याचे गुण मिस्त्रीला, दुप्पट. आणि गोलाचे गुण पासापेक्षा जास्त, ते मी तुम्हाला आधीच सांगितलंय, साडूंना तर ते झोपेतही पाठ होतं.

उत्तरार्धात पुन्हा कोपरा. पुन्हा लुकडा. साडू टीव्हीसमोर उकिडवे बसून पुटपुटत होते, ताईंनी कान देऊन ऐकलं, हा माणूस म्हणत होता, "त्याला नको देऊ, त्याला नको देऊ." स्वतःच्याच कॅप्टनला सांगत होता, नीट मारू नको म्हणून. आहे का कुठल्या शास्त्रात? लुकड्यानं नीट मारला. ढोल्याचं डोकं पुन्हा तिथेच. दोन गोल. त्या मैदानावर ढोल्याला खांद्यावर उचलायला आठ माणसं लागली.

तीन वर्षं हा माणूस सांगत होता, जो पास देतो आणि जो गोलात घालतो त्यांची जोडी लावा. जोडी लागली. नवरा यांच्याकडे, नवरी मिस्त्रीकडे.

आणि यादी लागली. तीन लाख बारा हजार संघ. पहिला, मिस्त्री. दुसरे, साहेब.

जरा थांबा इथे. खरं बोलले असते, तर दोघांचे गुण सारखे, मिस्त्री पहिला, साहेब दुसरे, आणि तिकीट हातात. खोटं बोलले. मिस्त्री पहिला, साहेब दुसरे. एवढं मोठं पाप करून माणूस एका नंबरानंही हलला नाही. मी पाप केलं नाही असं नाही, माणूस आहे, पण निदान काही पदरात तरी पडलं होतं.

सोमवारी सकाळी आठला दाराची बेल वाजली. साडू दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण. दार ताईंनी उघडलं, बाहेर मिस्त्री, धुतलेला शर्ट, नाकाच्या शेंड्यावर अजून ग्रीसचा ठिपका. लुकडा मैदानात होता हे मिस्त्रीनं पाहिलं असणारच. आता हा विचारणार. काय सांगायचं? यादी चुकली? चष्मा नव्हता? साबण सुकायला लागला.

मिस्त्री आत आला आणि खाली वाकला. साडूंच्या पायांशी. "साहेब," म्हणाला, "मला कळलं."

"काय कळलं?"

"तुम्ही काय केलंत ते. लुकडा खेळत होता. तुम्हाला ठाऊक होतं. दोघांचा एकच संघ राहिला असता तर आपण एकमेकांना बांधलेले राहिलो असतो, म्हणून तुम्ही मला वेगळं काढलंत. ढोल्या कुणाला सुचला असता हो? मला सांगितलं असतंत तर मी ऐकलं नसतं, म्हणालो असतो, ढोल्या तुम्ही घ्या. म्हणून खोटं बोललात. माझ्यासाठी. स्वतः दुसरे राहिलात." आणि त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी.

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. यजमानांकडे बघत होत्या. त्यांनी फक्त वाट पाहिली.

साडू म्हणाले, "बसा. चहा घ्या."

स्वतः न घेणारा माणूस दुसऱ्याला पाजायला लागला की समजावं, काहीतरी झाकायचं आहे.

पुढचे आठ दिवस काय झाले म्हणून सांगू. मिस्त्रीनं ही कथा बाजारभर केली. जो काटा दुरुस्तीला येईल त्याच्यासोबत ही कथा बाहेर जाईल. साहेबांनी पहिला नंबर उचलून दुसऱ्याच्या पदरात टाकला. किराणावाला उठून उभा राहायला लागला. भाजीवाली म्हणाली, "साहेब, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय," आणि चार मिरच्या जास्त टाकल्या, त्या साडूंनी मोजून परत दिल्या. म्हणजे पाहा, मिरच्या परत देत होते. कचेरीतल्या वरिष्ठांनी बोलावून सांगितलं, "पुढच्या महिन्यात नव्या निरीक्षकांचं प्रशिक्षण आहे. तुम्ही तासभर बोला. विषय, विश्वासार्हता." साडूंनी मान डोलावली. काय करणार? आठ दिवसांत त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. जेवताना शास्त्र नाही, काही नाही, तुकडा उचलायचा आणि गिळायचा. ताई एक अक्षर बोलल्या नाहीत. मी साडूंना एकदा फोन केला, अभिनंदन केलं, तर म्हणाले, "हं." मला वाटलं विनय आहे. मीही तुमच्यासारखाच.

प्रार्थनेला बसले की डोळे मिटायचे नाहीत त्यांचे. मला पुढे स्वतःच सांगितलं त्यांनी. म्हणाले, "मिटले की पारडी दिसायची. रिकामी. आणि एक खाली."

नवव्या दिवशी संध्याकाळी मिस्त्री पुन्हा आला. त्या दिवशी मीही तिथे होतो, पत्नीसोबत भेटायला गेलो होतो, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. मिस्त्रीच्या एका हातात तिकिटांचं पाकीट, दुसऱ्या हातात मखमलीत गुंडाळलेलं काहीतरी. पाकीट त्यानं टेबलावर ठेवलं. "साहेब, आपला प्रवास." मग मखमल सोडली. आत सोन्याचे दागिने तोलायचा जुना, लहानसा पितळी तराजू. मिस्त्रीच्या वडिलांचा. त्यांनी ज्या दिवशी दुकान मुलाच्या हाती दिलं त्या दिवशी हाही दिला होता. मिस्त्रीनं आठ दिवस बसून तो घासला होता, दोऱ्या बदलल्या होत्या. "तुम्ही काही घेत नाही, मला माहीत आहे. पण हे घ्या. हा काटा आमच्या घरात कधी खोटा बोलला नाही. तुमच्याकडेच शोभेल."

साडूंचा हात सवयीनं गेला. तराजू उचलला, डोळ्यांच्या रेषेत धरला. पारडी हलली, वर, खाली, वर... आणि थांबली. काटा सरळ मध्यावर. केसभरही इकडे तिकडे नाही. रिकामी पारडी, तुम्हाला सांगतो, आणि आम्ही चौघं श्वास रोखून बघत होतो.

ताई म्हणाल्या, "अहो, आता खरं वजन सांगा."

साडूंनी तराजू खाली ठेवला. आणि सांगितलं. बारा वाजून पाच मिनिटांपासून. नंबर, नाव, येरझाऱ्या, लुकडा, ढोल्या, "त्याला नको देऊ" सुद्धा. स्वतःला काही सूट दिली नाही, हे मी त्यांच्या बाजूनं सांगेन. शेवटी म्हणाले, "ढोल्या मी तुम्हाला जिंकवायला दिला नाही मिस्त्री. बुडवायला दिला."

मिस्त्रीनं तराजूच्या दोऱ्या सारख्या केल्या. मग त्यानं विचारलं, "मी नाकानं बदललं, ते तुम्हाला माहीत होतं?"

"नव्हतं. नंतर कळलं."

"हं." मग तो कामाचं बोलल्यासारखं बोलला. "साहेब, बावीस वर्षं खरा असलेला काटा पहिल्यांदा खोटा निघाला तर खातं काय करतं?"

साडू खाली मान घालून, प्रशिक्षणात सांगावं तसं म्हणाले, "मोडत नाही. शिक्का रद्द. दुरुस्ती. आणि वर्षानं फेरतपासणी."

"मग तेच."

"म्हणजे?"

मिस्त्रीनं मखमल गुंडाळली, तराजू पिशवीत घातला. "हा मी घेऊन जातो. वर्षानं बघू. सामन्याला आईला नेतो. तिला फुटबॉल म्हणजे काय ठाऊक नाही, पण तिनं विमान पाहिलं नाही. आणि तुमची दुरुस्ती..." तो थांबला, विचार केला, आणि मला वाटतं थोडासा हसलाही, पण तो प्रकाशाचा भास असेल. "पुढचा अख्खा मोसम खेळायचं. एकही स्पर्धा सोडायची नाही. पण संघ तुम्ही लावायचा नाही. कोणाला किती लोकांनी घेतलं ते तिथे लिहिलेलंच असतं. सगळ्यात जास्त लोकांनी घेतलेले अकरा, तेच तुमचे. कॅप्टन सोनेरी. एक नाव बदलायचं नाही. वहिनी तपासतील."

"तपासीन," ताई म्हणाल्या. आठ दिवसांत इतक्या उत्साहानं त्या पहिल्यांदाच बोलल्या.

साडूंनी तोंड उघडलं. मला माहीत आहे काय म्हणणार होते. ज्याला सगळ्यांनी घेतलं, तो कुणाचाच नाही. म्हणाले नाहीत. मिटलं.

जाताना मिस्त्री दारात वळला. "प्रशिक्षणाला बोलणार ना? विश्वासार्हतेवर?"

"नाही म्हणून कळवतो."

"बोला की," मिस्त्री म्हणाला. "हेच सांगा." आणि गेला. साडूंनी सांगितलं, चाळीस नव्या निरीक्षकांसमोर, अथपासून इतिपर्यंत. त्यातल्या दोघांनी, मी ऐकलंय, दुसऱ्या दिवसापासून स्वतःची पाण्याची बाटली न्यायला सुरुवात केली.

मिस्त्रीची आई सामना बघून आली. म्हणाली, छान होतं, पण एवढ्या माणसांत एकच बॉल.

आणि आता नवा मोसम सुरू झालाय. परवा रविवारी मी गेलो होतो. साडू सोफ्यावर, मांडीवर मोबाइल, शेजारी ताई पेन्सिल घेऊन. "सोनेरी, ऐंशी टक्के. घातला? दाखवा. पुढचा, सत्तर टक्के..." अकराच्या अकरा नावांवर खुणा झाल्या. संध्याकाळी सोनेरीनं तीन गोल मारले. साडूंच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. यादी लागली. तीन लाखांत साडू एक लाख सदतीस हजार चारशे बारावे. तितकेच गुण मिळालेली, तीच अकरा नावं, तोच कॅप्टन लावलेली त्यांच्या मागेपुढे नऊ हजार माणसं उभी होती. सगळे बरोबर.

साडू त्या यादीत बोटानं खाली खाली जात राहिले. मग ताईंना म्हणाले, "अगं, यात मी दिसत का नाही?"

ताईंनी पेन्सिल कानावर अडकवली. "आहात तिथेच. सगळ्यांत. शोधू नका, अजून सदतीस रविवार आहेत."

गणितात चूक नव्हती, तुम्हाला सांगतो. मी मोजले. सदतीसच.